दहाव्याच्या दिवशी बिघडलेला क्लच

आधी अक्षराची माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. भाताची रोपं मला सरळ रेषेत लावता येतात, अक्षरं मात्र ओळ सोडून बांधावर चढतात. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. कुठली वेलांटी द्यायची ते मी शब्दाच्या तोंडाकडे बघून ठरवते. हे कुणाला दाखवायचं नाही म्हणूनच लिहिते आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही. जन्मात एकदाच बोलले, आणि त्याचंच हे सगळं झालं.

गाडीचा क्लच म्हणजे काय, हे मला माझ्या वडिलांच्या दहाव्याला कळलं.

गाडी जुनी होती. आमच्याकडे येण्याआधी दोन मालकांना कंटाळून आलेली. तिचा रंग पांढरा आहे असं कागदावर लिहिलेलं होतं. आमचे हे गावात सांगायचे, "इंद्रायणी विकून गाडी घेतली." इंद्रायणी तांदूळ विकला होता हे खरं, पण तेवढ्यात गाडीची चाकं आणि फार तर आरसा आला असता. कमी पडलेले चाळीस हजार माझ्या वडिलांनी, आबांनी, मला गुपचूप दिले होते.

"कुनाला बोलू नगं," आबा म्हणाले होते. "सवडीनं दे. वेल्ह्याकडनं आंबवड्याला यायचं म्हंजी दोनदा एस.टी. बदलायची. गाडी असली म्हंजी लेक दिसंल."

गाडी आली. तिच्यातून तांदळाची पोती गेली, पेंडेची पोती गेली, शेजाऱ्यांची गाभण शेळी डॉक्टरकडे जाऊन आली. मी तेवढी कुठं गेले नाही. लावणी झाली की जाऊ. कापणी झाली की जाऊ. भात झोडून झालं की नक्की जाऊ. भात झोडून झालं आणि आबा गेले. मातीला मी दुसऱ्याच्या जीपमधून गेले, कारण आमची गाडी त्या दिवशी पोती घेऊन पुण्याला गेली होती.

म्हणजे जिच्यामुळे लेक दिसायची होती, ती गाडी माझ्या माहेरच्या रस्त्याला पहिल्यांदा लागली ती आबांच्या दहाव्याला!

दहाव्याला नदीवर पिंड मांडतात, आणि शेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काय काय ठेवतात. आबांच्या आवडीची वस्तू एकच. चुलीच्या राखेत भाजलेली अख्खी सुपारी. दात गेले तरी त्यांनी ती सोडली नाही. गालात धरून बसायचे. ती भाजावी तर इंदूनंच, असं त्यांचं म्हणणं. ("सुपारी भाजायला कसली कला लागती?" असं आई म्हणायची. पण तिनं भाजलेली ते गुपचूप कोंबड्यांच्या दिशेनं फेकायचे.) आदल्या दिवशी मी चार सुपाऱ्या भाजल्या. आबांच्या जुन्या पटक्याची एक चिंधी माझ्याकडे होती, धुऊन धुऊन मातीच्या रंगाची झालेली. तिच्यात त्या बांधून घट्ट पुरचुंडी केली. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

पहाटे निघताना मी पुरचुंडी पिशवीत ठेवायला गेले, तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, ओरडल्या.

"अगं ए! पिशवीत भाकरी हायत आपल्या!"

"मग?"

"मग काय मग? पिंडावर ठिवायची वस्तू जित्या मान्सांच्या भाकरीत घालतीस व्हय? दुसरीकडं ठेव!"

दुसरीकडं म्हणजे कुठं? एका पिशवीत भाकरी, दुसरीत आत्यांचा स्वेटर, आणि स्वेटरपण जित्या माणसाचाच! शेवटी मी पुढच्या दारातून वाकून ती पुरचुंडी स्टेअरिंगच्या समोरच्या फळीवर ठेवली. (तिला डॅशबोर्ड म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवसात मला इतकं काही कळलं की चौथी ते सातवी एकदम झाली.)

गाडीत आम्ही चौघं. चालवायला हे. मागे मी आणि आत्या. आणि पुढे ह्यांच्या शेजारी अण्णाभावजी, ह्यांचे थोरले चुलतभाऊ. अण्णाभावजींची सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून झाली. त्यामुळे गाडी चालवता येत नसली तरी गाडीतलं सगळं कळतं, अशी त्यांची खात्री, आणि पंचक्रोशीचीही. ते गाडीत बसले की सवयीनं छताला दोन टिचक्या मारतात. त्याशिवाय गाडी सुटत नाही.

टण टण. सुटली.

आमच्या वाडीचा उतार फार वाईट. पहिल्याच वळणाला मी आत्यांच्या अंगावर गेले, आत्या दारावर गेल्या, आणि उतार संपतो तिथं गाडीच्या पोटातून असा आवाज आला, जसं कुणी जात्यात खडे दळतंय!

"ह्यो काय आवाज?" अण्णाभावजी ताठ झाले.

"गिअर पडंना," हे म्हणाले.

"क्लच दाब की!"

"दाबलाय की!"

"पुरता दाब!"

"पुरताच हाय, अण्णा. पेडल आर्ध्यातच थांबतंय. खाली टनक लागतंय कायतरी."

"टनक?" अण्णाभावजींनी डोळे मिटले आणि गाडीचा आवाज ऐकला. डॉक्टर नाडी बघतात तसा. "क्लच चिकटलाय."

"कशाला चिकटलाय?" आत्यांनी मागून विचारलं.

"चिकटतो तो. थंडीचा."

थंडी होती हे खरं. रस्त्यावर धुकं होतं. आत्यांनी लगेच स्वेटर काढून पुढं केला, "क्लचवर घाला." ह्यांनी काही उत्तर दिलं नाही. ह्यांचं उत्तर न देणं मला चांगलं ओळखता येतं. त्यात तीन-चार प्रकार आहेत आणि हा सगळ्यात वाईट होता.

मग ह्यांनी युक्ती काढली. गिअर बदलताना त्रास होतो ना? मग बदलायचाच नाही! कसाबसा वरचा गिअर पडला होता, तो धरूनच ठेवायचा. थांबायचं नाही, हळू व्हायचं नाही. मार्गासनीत एक म्हैस रस्त्यात उभी होती. ह्यांनी हॉर्न वाजवला, अण्णाभावजींनी शिट्टी वाजवली (ती अजून त्यांच्या खिशात असते!), आत्यांनी देवाचं नाव घेतलं. म्हैस कशानं बाजूला झाली ते म्हशीलाच माहीत.

नसरापूर जवळ आलं तेव्हा माझं लक्ष समोरच्या फळीवर गेलं.

पुरचुंडी नव्हती!

मी वाकून पाहिलं. मान लांब करून पाहिलं. फळी मोकळी. आणि फळीच्या समोर कोण? अण्णाभावजी. आणि अण्णाभावजींच्या गालात काय? फुगवटा! सुपारीएवढा. ते तो ह्या गालातून त्या गालात नेत होते. आबांसारखाच.

थोरल्या दिराला कसं विचारायचं, "भावजी, माझ्या वडिलांच्या पिंडाची सुपारी तुम्ही खाल्ली का?" मी तर त्यांच्यासमोर चहाचा कपसुद्धा तोंड फिरवून पिते. मनात पुष्कळदा विचारलं. ओठांपर्यंत आलं की गाडीला गचका बसायचा आणि प्रश्न परत पोटात जायचा. शेवटी मी एवढंच म्हणाले, "भावजी, पाणी पायजे का?"

"नगं," ते गाल सांभाळत म्हणाले.

एवढ्यात आम्ही हमरस्त्याला लागलो होतो. आता कापूरहोळला भोरकडे वळायचं. वळायचं म्हणजे हळू व्हायचं. हळू व्हायचं म्हणजे खालचा गिअर. ह्यांनी पेडल दाबलं, गाडीनं पुन्हा खडे दळले, मागून एक ट्रक इतक्या मोठ्यानं ओरडला की ह्यांनी घाबरून सगळं सोडून दिलं आणि गाडी सरळ निघाली.

"कापूरहोऽऽळ!" अण्णाभावजी सवयीनं ओरडले. "भोरवाले उतरा... अरं! फाटा गेला!"

"म्हाईत हाय!"

"आरं वळीव की!"

"कशानं वळवू? तुमच्या शिट्टीनं?"

आंबवडं मागं राहिलं, भोर मागं राहिलं, आणि आम्ही आबांच्या दहाव्याला सातारा जिल्ह्याकडे निघालो. माझा मोबाईल वाजला. माहेरचा दादा होता, माझा मोठा भाऊ.

"इंदे, कुठं हायसा? पिंड मांडून झाला. कावळं झाडावर बसल्यात पर खाली येईनात. आई म्हनती, लेकीची वाट बघत्यात आबा. कुठवर आलीस?"

मी खिडकीतून पाटी वाचली. "सारोळं."

"सारोळं? तिकडं कशाला गेलीस?"

गेले नव्हते. नेली जात होते.

सारोळ्याला नीरेचा पूल दिसायला लागला तसा आत्यांनी ह्यांच्या खांद्याला हात लावला. "पूल वलांडू नगंस बाबा. नदीपल्याड गेलं की आजचं सुतक तिकडं जाईल." हे कुठल्या शास्त्रात आहे मला माहीत नाही, पण ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी चार गचके खात, खोकत, बरोबर एका गॅरेजच्या दारात मेली. एवढीच एक गोष्ट त्या दिवशी नीट झाली.

मेकॅनिक बाहेर आला. "काय व्हतंय?"

चौघांनी एकदम सांगितलं. (तिघांनी. मी नुसते ओठ हलवले.)

मेकॅनिक ह्यांना म्हणाला, "हँडब्रेक वढा. चौथा टाका. आता क्लच सोडा." ह्यांनी सोडला. गाडी एक उसळी मारून पुन्हा बंद पडली.

"झकास!" मेकॅनिक म्हणाला. "प्लेट चांगली हाय."

"बंद पडली की वो!" हे म्हणाले.

"पडायलाच पायजे. प्लेट गेली असती तर चालूच ऱ्हायली असती."

म्हणजे मेली तर चांगली, चालू राहिली तर बिघडलेली. दहाव्याला निघालेल्या माणसाला असलं ऐकवू नये.

"मग चिकटतोय कशानं?" अण्णाभावजींनी विचारलं.

"केबल ढिली पडली आसंल. वढून देतो." त्यानं बॉनेट उघडलं, पाना घेतला आणि आत डोकं घातलं. "दाबा... सोडा... दाबा... सोडा..." हे दाबत होते, सोडत होते, तो आवळत होता. "आता?"

गिअर पडला! लोण्यातून सुरी जावी तसा! ह्यांच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा माणसाचा रंग आला. अण्णाभावजी म्हणाले, "मी सांगत व्हतो, केबल." (ते थंडी म्हणाले होते. पण थोरल्यांना कोण आठवण करून देणार?)

माघारी वळलो. कापूरहोळ आलं, गेलं. भोर आलं. बाजार उघडत होता, डेपोतून गाड्या सुटत होत्या. अण्णाभावजींनी प्रत्येक एस.टी.ला हात केला. दादाचे फोन येतच होते. कावळे अजून झाडावर. लोक उन्हात. भटजींना दुसरीकडे जायचंय. मी मनात म्हणत होते, येते हो आबा, येते. हात मोकळे घेऊन येते, पण येते.

आणि भोरच्या पुढे चढ लागला.

गाडी ओरडायला लागली. नुसती ओरडायला! आवाज पुण्याला जायचा आणि वेग आत्यांचा. हे पाय दाबतील तेवढी गाडी मोठ्यानं रडायची, पण चाकं काही मनावर घेईनात. मग वास आला. जुनं रबर आणि केस एकदम जळल्यासारखा.

"काय जळतंय?" आत्यांनी नाकाला पदर लावला. "आजच्या दिवशी तरी जळायचा वास नगं गं बाई!"

"क्लच जळतोय," अण्णाभावजी शांतपणे म्हणाले. "मघाशी चिकटत व्हता, आता घसरतोय."

"म्हंजी काय झालं?"

"म्हंजी सुधारतोय म्हना की. बाजू बदलली."

ह्यांनी अण्णाभावजींकडे पाहिलं. ते पाहणं बघून मला वाटलं, आता ह्या घरात दुसरा दहावा.

शेवटी उतरून ढकलायची वेळ आली. अण्णाभावजी आणि मी मागून. आत्या आतच. "मी उतरले तर परत चढायला मलाच ढकलावं लागंल," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. माझी साडी चाकाच्या धुळीत, डोक्यावरचा पदर घसरलेला, शेजारी थोरले दीर गाल फुगवून धापा टाकतायत. एवढ्या जवळून मी त्यांच्या गालाकडे कधी पाहिलं नव्हतं. त्या गालात आबा आहेत असं मला वाटत होतं आणि मला रडू येत होतं. रडता रडता ढकलत होते.

नदीवर पोचलो तेव्हा गाडीतून धूर निघत होता. हे उंबराच्या झाडाखाली गाडी घेऊन गेले, कारण ती तिथंच थांबली. सगळा गाव वळून बघायला लागला. बायका बाजूला सरल्या, मला वाट दिली.

"आली! लेक आली! आता शिवंल बघा!"

मला चार माणसांचा धसका. इथं दीडशे डोळे माझ्यावर, आणि कावळ्यांचे वेगळे. मी आईजवळ जाऊन बसले. पिंडापाशी आबांच्या आवडीचं सगळं होतं. चहा, कांद्याची भजी, पेढा. सुपारी सोडून सगळं. मी हात जोडले. उंबरावरच्या मोठ्या कावळ्यानं माझ्याकडे पाहिलं, मान तिरकी केली, आणि पाठ फिरवली!

मेल्यावरही माणूस असा रुसतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग सुरू झालं. दादा पुढे झाला. "आबा, आईला अंतर देनार न्हाई." कावळा ढिम्म. माझी वहिनी पुढे झाली. "मामंजी, तुमची म्हस इकनार न्हाई." ढिम्म. चुलते म्हणाले, "बांधाचं भांडान मिटलं समज, आबा." त्या भांडणाला आबांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यालासुद्धा कावळा ढिम्म! भटजींनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "दर्भाचा कावळा करून शिववा आन् मोकळं व्हा." आईनं तोंडाला पदर लावला. दर्भाचा कावळा म्हणजे आबा तसेच गेले, मनात काहीतरी ठेवून गेले. आई पुढचं सगळं आयुष्य तेच आठवत बसली असती.

"इंदे," आई हळूच म्हणाली, "तुजं काय ऱ्हायलंय का गं त्येंच्याकडं?"

मला माहीत होतं काय राहिलंय. सुपारी राहिली होती. ती कुठं आहे हेही मला माहीत होतं, किंवा तसं मला वाटत होतं. अण्णाभावजी समोरच उभे होते, गाल अजून हलत होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं. पण सासरच्या थोरल्या माणसाला माझ्या माहेरच्या सगळ्या गावासमोर पिंडाचं खाल्लं म्हणायचं? माझी जीभ टाळूला चिकटली. (क्लच कसा चिकटतो ते मला तेव्हा नीट समजलं.) सगळे माझ्याकडे बघतायत. काहीतरी तर बोलायला पाहिजे. आणि चिकटलेली जीभ सुटली ती अशी घसरली, की मी उभी राहून मोठ्यानं म्हणाले,

"आबा! तुमचं चाळीस हजार मी सगळं माघारी देईन!"

नदीचं पाणीसुद्धा थांबल्यासारखं झालं.

दादाची मान वळली. वहिनीची त्याच्या आधी वळली. "कसलं चाळीस हजार?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. इंद्रायणी विकून गाडी घेणारे आमचे हे, आपल्या चपलांकडे बघत होते. आणि कावळा? कावळा उडाला आणि नदीपलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. आणखी लांब!

"गाडीच्या वासानं बिचाकलंय पाखरू," एक म्हातारे म्हणाले. "ती हितनं हलवा आधी."

हे जवळजवळ पळतच गाडीकडे गेले. त्यांना तिथून जायलाच हवं होतं. आत बसले, पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, आणि सकाळपासूनचा सगळा राग एकदम येऊन खाली वाकले, पेडलच्या मागे हात घातला आणि काहीतरी ओढून काढलं.

"हे काय हाय रं?"

मातकट रंगाची पुरचुंडी. पेडलखाली चेपून चेपून चपटी झालेली.

आईनं लांबून ओळखलं. "आगं, ह्यो तर त्येंचा पटका!"

गाठ सोडली. चार सुपाऱ्या. त्यातली एक फुटलेली. पहिल्या वळणाला फळीवरून पडून ती पुरचुंडी पेडलमागे जाऊन बसली होती, आणि पेडल पुरतं खाली जाऊच देत नव्हती. अण्णाभावजींनी कान लावून ऐकलं, मेकॅनिकनं बॉनेटमध्ये डोकं घातलं, आत्यांनी देवाला सांगितलं, पण हे "टनक लागतंय" म्हणत होते तिथं खाली वाकून कुणी पाहिलं नव्हतं. बिघडलेलं काहीच नव्हतं. चांगली केबल आवळून आवळून आम्ही तो क्लच जाळला होता.

आईनं सुपाऱ्या पिंडापाशी ठेवल्या. हात मागे घेते न घेते तोच बाभळीवरून कावळा आला, भज्याकडे बघितलं नाही, पेढ्याकडे बघितलं नाही, पिंडाला चोच लावली आणि फुटलेल्या सुपारीचं खांड घेऊन गेला.

"सुपारी! सुपारी पायजे व्हती म्हाताऱ्याला!" लोक हसायला लागले, डोळे पुसायला लागले. आई रडत हसली. मीपण.

अण्णाभावजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून पुडी काढली. "घे इंदू, वाळका आवळा. आयुष्यभर एस.टी.त हुभा ऱ्हायलो, बसलो की मळमळतं बघ मला. सकाळधरनं गालात धरलाय."

मी आवळा घेतला. तो इतका आंबट होता, की माझं तोंड का वाकडं झालं हे कुणाला विचारावं लागलं नाही.

"वन्सं," वहिनी गोड आवाजात म्हणाली, "ते चाळीस हजाराचं काय म्हनत व्हता?"

"आगं, ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "मला म्हाईत हाय. लेकीला दिल्यालं त्ये माघारी घेनार नव्हतं."

मला इतकं हायसं वाटलं! पण अण्णाभावजींनी आवळा गिळला आणि न्याय केला. "न्हाई मावशी. पिंडापुढं बोललेलं फिरवायचं न्हाई. सगळ्यांनी ऐकलंय."

सगळ्यांनी ऐकलं होतं. मी जन्मात एकदा मोठ्यानं बोलले, ते सगळ्या गावानं स्वच्छ ऐकलं.

पुढे नवी क्लच प्लेट टाकली. मग तिचे पैसे भागवायला गाडी विकली. घेणाऱ्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "क्लच लई मऊ हाय वो हिचा!" ह्यांनी त्या दिवशी उत्तर न देण्याचा एक नवीन प्रकार काढला.

आबांचे पैसे मी माझ्या कष्टाचे द्यायचे ठरवले. लोकांच्या लावणीला गेले, कापणीला गेले, कोंबड्या विकल्या. थोडे जमले की एस.टी. धरायची, नसरापूरला बदलायची, भोरला बदलायची, माहेरी जाऊन दादाच्या हातात द्यायचे. आईजवळ रात्रभर राहायचं, सकाळी परत. गाडी होती तेव्हा वर्षात एकदा माहेर दिसत नव्हतं. पैसे फेडायला लागल्यापासून आंबवड्याचे कंडक्टर मला नावानं ओळखायला लागले. सासरी कुणी अडवतही नसे. पिंडापुढचं बोलणं ना! आत्या उलट विचारायच्या, "ह्या म्हैन्यात गेली न्हाईस ती?"

परवा शेवटचे पैसे घेऊन गेले. दादानं मोजले, वहिनीनं मोजले, मग दादानं देवापुढे ठेवले आणि म्हणाला, "इंदे, फिटलं बरं का गं आबांचं सगळं."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी दाराकडे बघत बसले. आता पुढच्या महिन्यात काय सांगून यायचं?

तेवढ्यात कौलावर कावळा ओरडला. आईनं चहाचा कप खाली ठेवला आणि वर बघितलं. वहिनीनं वर बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आता आनी काय ऱ्हायलं म्हनायचं ह्येंचं?" आई म्हणाली.

मी घाईघाईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. न जाणो, आणखी काहीतरी कबूल करून बसायची!